रविवारचं धरणं

आमच्या अध्यक्षांना माइक लागत नसे. तालुका शिक्षक संघटनेच्या सभेत कुणी हौसेने माइक पुढे केलाच, तर ते तो बाजूला सारत आणि तोंड उघडत. मागच्या रांगेत डुलक्या घेणारे गुरुजी खडबडून जागे होत. अध्यक्षांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. घरी बायकोसुद्धा "अध्यक्ष, जेवता का आता?" असंच विचारायची.

बदलीचं, वेतनश्रेणीचं गाऱ्हाणं घेऊन कुणी गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "वर्गातली पोरं वाचून राह्यली का? मंग बोला. पोरं अडखळली तर साहेबापुढं माझी जीभ अडखळती." बरीच गाऱ्हाणी तिथेच विरून जात. उरलेल्यांसाठी मात्र हा माणूस जिवाचं रान करी.

राजूरजवळच्या वस्तीवरची माझी शाळा पट कमी म्हणून बंद करायचं घाटत होतं. मग मुलांना मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागलं असतं, आणि मुलींना तर कुणी धाडलंच नसतं. मी रडकुंडीला आले होते.

"धरणं धरू, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "जालन्याला, शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसापुढं. रविवारी."

"रविवारी? ऑफिस बंद असतं, सर!"

"शाळा बंद ठिवून शाळा वाचवाया गेलो तर लोक हसतील. बराबर हाय का न्हाई?"

रविवारी आम्ही सगळे कुलूपबंद फाटकासमोर जाऊन बसलो. वस्तीवरचे आईबाप आले, शाळेला सुट्टी म्हणून पोरंही आली.

"अध्यक्ष, ऐकून कोण राह्यलंय?" एका गुरुजींनी वैतागून विचारलं.

"कुलूप. द्या घोषणा!"

ऊन चढलं तशी पोरं कंटाळली. अध्यक्षांनी घोषणा थांबवल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, घ्या वर्ग." मी लिंबाखाली वर्ग सुरू केला. तेवढ्यात ऑफिसामागच्या क्वार्टरमध्ये राहणारे शिक्षणाधिकारी साहेब भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडले आणि थबकले. तिसरीतली मीरा फाटकावरची पाटी धडाधड वाचत होती. वाचून झाल्यावर तिने त्यांनाच विचारलं, "काका, तुमचं ऑफिस बंद का हो? आमची शाळा तर चालू हाय."

साहेबांना हसू आवरेना. पिशवी खाली ठेवून ते आमच्यातच बसले. पुढच्या आठवड्यात स्वतः वस्तीवर येऊन वर्ग पाहून गेले, आणि शाळा राहिली.

अध्यक्ष निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ त्याच शाळेत ठेवला. अर्थात रविवारी. हायस्कुलात गेलेली मीराही आली होती. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि त्यांचा आवाजच फुटेना. दोनदा खाकरले. मग हळूच मला विचारलं, "मॅडम, माइक हाय का?"

त्यांच्यासाठी माइक आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

मागून मीरा म्हणाली, "सावकाश बोला, सर. आज रविवार हाय, कुणाचीच शाळा बुडत न्हाई."