तांबड्या थरावरची विहीर

डोंगर म्हणजे अल्लाने रचून ठेवलेली कापडाच्या थानांची चळत, असे मानणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. दुसऱ्या महायुद्धाआधी आमच्या गावात सगळे त्यांना कापडवाले चाचा म्हणत. गाव डोंगरमाथ्यावर, कड्याच्या अगदी काठाशी. कड्यात थर उघडे दिसत. वर भुरका, मग काळा फत्तर, त्याखाली गेरूसारखा तांबडा पट्टा. आसेगावच्या बाजाराला निघाले की चाचा घाटात बैलगाडी थांबवून त्या थरांवरून बोटे फिरवीत बसत. बाजारात पोचत तेव्हा गिऱ्हाइके परतत असत. दुकानात लुगडे दाखवतानाही "हा रंग तिसऱ्या थराचा" असे सांगत. एकदा एक म्हातारी म्हणाली, "चाचा, मले लुगडं पाह्यजे. डोंगर कायले नेसवता?"

झरा तांबड्या पट्ट्याच्या जरा वर पाझरत होता. चाची रोज कडा उतरून तिथून घागर आणी. तिचे गुडघे दुखत. आपल्या परसात विहीर असावी, आळीतल्या बायकांनी तिथे पाणी भरावे, एवढीच तिची हौस. चाचांनी ती मनावर घेतली. पट्टा सरळ गावाखाली गेला आहे, त्यावर पाणी असणारच, असा त्यांचा कयास होता. परसाच्या एका कोपऱ्यात दगड भेगाळलेला होता, दुसऱ्यात एकसंध. विहीर खोदणाऱ्यांनी भेगाळलेला कोपरा दाखवला. चाचा म्हणाले, "फाटक्या थानाले कोन हात लावते?"

एकसंध दगडात खोदले. उन्हाळा संपता संपता तांबडा थर लागला, सांगितला होता तसाच. चाचांनी आळीत साखर वाटली. पाणी मात्र नव्हते. ते भेगांतून येते. चाचीने वाकून पाहिले. "रंग बराबर निंगाला जी तुमचा," म्हणाली आणि घागर उचलून कड्याकडे गेली.

पुढे कित्येक वर्षे चाचांनी भेगाळलेल्या कोपऱ्याचे नाव काढले नाही. शेवटी तिथे खोदले तेव्हा पाणी लवकर लागले. तोवर चाचीचे गुडघे आखडले होते. ती खाटेवरून उठत नसे. पहिली वाटी चाचांनी स्वतः नेली. ती घोटभर प्याली.

"गोड हाये," म्हणाली. "झऱ्याचं थंड राहे."

पाणी कोणत्या थरातले, हे चाचांनी सांगितले नाही. बाहेर परसात बायका आधी कोणी भरायचे यावरून भांडत होत्या. चाचीला आवाजाचा त्रास होईल म्हणून ते दार लोटायला उठले.

"राहू द्या," चाची म्हणाली. "मले आइकू येऊन राह्यलं."