उजव्या नाकपुडीची नथ

चेन्नई पोलिसांत नोकरी संपली, खुनाचे तपास विसरलो. पण एका नथीचा तपास आठवला की आजही टाळकं सटकतं.

दोन हजारनंतरची गोष्ट. जॉर्ज टाउनमधल्या लाकडी सज्ज्यांच्या जुन्या नाट्यगृहात मराठी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकाचा दुपारचा प्रयोग होता. मी तंजावरकडच्या मराठी घरातला, हौसेने बायकोला घेऊन गेलो. राणीच्या भूमिकेसाठी आमच्याकडच्या एका अक्कांनी आपल्या आईची मोत्यांची नथ महिनाभर आधीच मंडळाकडे दिली होती.

पहिला अंक संपताच अक्का माझ्याकडे आल्या. "अप्पा, ती नथ माझी नव्हे. आमची उजव्या नाकाची. ही डावी."

महाराष्ट्रात नथ डावीकडे. तमिळ मुलखात राहून आमच्या बायका उजवं नाक टोचू लागल्या.

रंगपटात मंडळाचे सेक्रेटरी होते, मोटार कंपनीतले साहेब, पुण्याकडून आलेले. त्यांनी लगेच कपडेपटाच्या तमिळ बाईकडे बोट दाखवलं. "हिनेच बदलली. आत टाका हिला!"

"अय्यो सार! यांनी आज डबी दिली, मी तशीच राणीला लावली," ती रडू लागली. पदरात दोन मुली; चोरीचा शिक्का बसला तर तिला कोण उभं करणार?

ठाण्यात दोघांचे जबाब घेतले. सेक्रेटरींना विचारलं, "आजपर्यंत नथ कुठे होती?"

"माझ्याच कपाटात, कुलूपबंद."

"कोणत्या नाकपुडीची?"

ते हसले. "डावीच की! उजवीकडे कोण घालतं नथ?"

"इथे सगळ्या घालतात. इथल्या सोनाराने नक्कल केली असती तर उजवीच केली असती. ही पुण्याकडे घडवलेली आहे. मधे गावी कोण गेलं होतं?"

सेक्रेटरींचं तोंड उतरलं. मोती, नक्षी सगळं त्यांनी सोनाराला सांगितलं होतं. बाजू सांगायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. झडतीत खरी नथ त्यांच्याच घरी सापडली.

मग मंडळाची माणसं ठाण्यात आली. "साहेब, आपलाच माणूस. चूक झाली. मिटवून टाका." दुपारी रंगपटात हीच माणसं त्या बाईला चोर म्हणत होती! लाज कशी वाटली नाही? मी गुन्हा नोंदवला आणि त्यांना बाहेर काढलं.

माणूस परका असला की चोरी, आपला असला की चूक, हे त्या दिवशी मी आपल्याच भाषेत ऐकलं. बाई मात्र बाकावरच बसून होती. जा म्हटल्यावर तिने विचारलं, "सार, नथ मिळाली. मी चोर नाही, हे त्यांना कोण सांगणार?"

मी बाहेर आलो. मंडळाच्या गाड्या निघून गेल्या होत्या.