चौदा नंबरच्या क्वार्टरमधलं भूत

रहिमान रेडिओ दुरुस्त करायचा आणि लोकांच्या संसाराला हसायचा. दोन्ही कामं त्याला सारखीच चांगली जमायची. पिंपरीला कंपनीच्या कॉलनीसमोर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पलीकडे एकसारखी पिवळी क्वार्टर्स, आणि फाटकाशी कंपनीच्या कामगार कल्याण विभागानं लावलेला मोठा फलक: आई, बाप, दोन मुलं, चौघांचेही दात पांढरेशुभ्र. दर वर्षी 'आदर्श कुटुंब' स्पर्धा व्हायची. साहेबांच्या बायका घरोघर फिरून मांडणीवरच्या भांड्यांत तोंड बघायच्या. रहिमान म्हणायचा, "बक्षीस बाईला न्हाई देत हे. पितळेला देतात."

सत्त्याहत्तर साली बक्षीस चौदा नंबरला मिळालं. तिथं अर्जुनराव राहायचे, लेथवर काम करणारे, मूळचे चाकणकडचे. ते, त्यांचा धाकटा भाऊ आणि कामाला लागलेला मुलगा, असे घरात तीन पुरुष, आणि तिघे तीन शिफ्टना. त्यामुळे दिवसभरात कधीही बघा, एक जण कामावर निघालेला, एक जेवायला बसलेला आणि एक घोरत पडलेला. या तिघांच्या मध्ये एकटी रुक्मिणीबाई. स्टोव्ह निवायचा नाही, आणि बाई झोपते कधी, हे कॉलनीत कुणालाच सांगता आलं नसतं. बक्षीस घ्यायला स्टेजवर अर्जुनरावच गेले. फोटोही त्यांचाच निघाला. ती घरी सेकंड शिफ्टचा डबा भरत होती.

त्याच सुमाराला रहिमानच्या डोक्यात सिनेमा शिरला. जर्मनीहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या एका साहेबानं आपला छोटा फिल्मचा कॅमेरा त्याच्याकडे दुरुस्तीला टाकला होता. कॅमेरा चालू झाल्यावर साहेब खूश झाला आणि म्हणाला, "गणपतीसाठी काढा काहीतरी, रिळं मी देतो." रहिमाननं गोष्ट रचली. एका गोड बिऱ्हाडातली आई पहाटे मरते. पण डबे करायचे असतात, म्हणून ती मेल्यावरही उठते आणि स्टोव्ह पेटवते. पंधरा दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मग एकदा आमटीत मीठ कमी पडतं, घरचे पहिल्यांदाच वर मान करून तिच्याकडे बघतात आणि किंचाळत पळत सुटतात.

मेलेल्या आईचं काम करायला कुणी तयार होईना. बायकांना ते अभद्र वाटायचं. रुक्मिणीबाई एकदा रेडिओ न्यायला आली, तेव्हा तिनं उभ्या उभ्या सगळी गोष्ट ऐकून घेतली.

"भावजी, शेवट खोटा हाय," ती म्हणाली. "ती पळायची न्हाईत."

"मग काय करतील?"

"मीठ मागतील."

रहिमान पोट धरून हसला. शेवट त्यानं तिथल्या तिथं बदलला आणि भुताचं कामही तिलाच दिलं. अर्जुनरावांनी हरकत घेतली नाही. सगळं त्यांच्याच घरात व्हायचं होतं, डबे काही चुकणार नव्हते.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, तेव्हा दुपारी शूटिंग चालायचं. एक रीळ जेमतेम तीन मिनिटांचं, रिळं मोजकी, त्यामुळे जे एकदा झालं तेच कायम. तिसऱ्या गुरुवारी भाकऱ्यांचा प्रसंग होता. रुक्मिणीबाईनं तव्यात भाकरी टाकली आणि एकदम ओट्याची कड धरली. उजवा हात बरगडीखाली गेला. ती कमरेत वाकली, तोंड उघडं राहिलं. मग वाकलेलीच राहून डाव्या हातानं तिनं भाकरी उलटली.

"वा वहिनी! तशाच राहा, हलू नका!" रहिमान ओरडला.

रीळ संपेपर्यंत ती तशीच राहिली. तिला खरोखरची कळ आली होती, आणि ती काही पहिली नव्हती. घरातल्या तिघांना तिनं सांगितलं नव्हतं, कारण कामाच्या दिवशी तिघे एका वेळी घरात जागे कधी नसायचेच, गुरुवारी तिघेही झोप भरून काढायचे, आणि एकेकाला सांगत बसायला तिला उसंत नव्हती. समोर उभा असलेला माणूस एकच होता. त्यानं विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं. त्या गाढवानं डोळ्याला कॅमेरा लावला होता.

गणपतीत मांडवात पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवला. त्याला आवाज नव्हता. सगळ्यांचे संवाद रहिमान माइकवर बोलत होता. मेलेली आई वाकून भाकरी उलटते, तिथं मांडव हसून हसून लोळला. पहिल्या रांगेत अर्जुनराव टोपीनं डोळे पुसत होते. पुढं कॉलनीला तो चाळाच लागला. पोरं वाकून बरगडी धरायची आणि हवेत भाकरी उलटायची. नळावर बायका म्हणायच्या, "रुक्मिणीबाई, ते करून दाखवा की!" रहिमानची छाती फुगायची. आपला प्रसंग लोकांच्या अंगात भिनला, असं त्याला वाटायचं.

सहा-सात महिन्यांनी ती दुकानात आली आणि बोलता बोलता तिनं काउंटर धरला. हात बरगडीखाली गेला.

"अजून जमतं की वहिनी!" रहिमाननं टाळ्या वाजवल्या.

कळ जाईपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, "भावजी, खरं दुखतंय हल्ली."

"कलाकाराला दुखलंच पाहिजे," तो म्हणाला आणि हातातल्या रेडिओतली सुटलेली तार डाग देऊन जोडू लागला.

पुढच्या मार्गशीर्षात ती ओट्याशीच कोसळली. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. यकृतात गाठ होती आणि ती फार वाढली होती. "दीड-दोन वर्षं तरी अंगावर काढलंय यांनी. घरात कुणाला कळलं नाही?" त्यांनी विचारलं. पौषात ती गेली.

महिन्याभरानं एका गुरुवारी अर्जुनराव दुकानात आले. पार खचले होते. घरात तिचा एकही फोटो नाही, म्हणाले, तेवढा सिनेमा दाखव. रहिमाननं दार लोटून घेतलं आणि साहेबाकडून मागून आणलेलं मशीन लावलं. भिंतीवर रुक्मिणीबाई चालू लागली. भाकऱ्यांचा प्रसंग आला, तसे अर्जुनराव स्टुलावरून पुढं सरकले.

"रहिमान, हे तिला तूच शिकवलंस न्हवं?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याला तेवढाच आधार मिळाला असता. रहिमाननं तोंड उघडलंही. पण समोर ती वाकून उभी होती, आणि तिच्यादेखत त्याला ते जमेना.

"न्हाई, अर्जुनराव. मी न्हाई शिकवलं. तिला तवाच दुखत व्हतं. नंतर इथं येऊन मला सांगितलं बी व्हतं तिनं. मी हसण्यावारी नेलं."

रीळ संपून नुसता उजेड पडला, तरी अर्जुनराव भिंतीकडेच बघत होते.

"घरी बी करायची," ते शेवटी म्हणाले. "सारखी करायची. आमी म्हणायचो, झाला बघ सिनेमा सुरू. पोरगा शिट्ट्या मारायचा."

"आणि वहिनी?"

"ती बी हसायची. हसायची आन् फुडची भाकरी टाकायची."