सांगलीची खेप

पाचगणीच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे. माझे वडील तिथून पिकअपमध्ये स्ट्रॉबेरी भरून मार्केटला नेतात. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मी सांगलीजवळच्या कॉलेजात ऑटोमोबाइल शिकते. घरातून कॉलेजात आलेलं पहिलं माणूस मी. हे सांगताना अजून जरा अवघडल्यासारखंच होतं.

मागच्या वर्षीपर्यंत हंगामात दर गुरुवारी आप्पांची सांगलीची खेप असायची. पहाटे मार्केटात क्रेट उतरवायचे आणि मग हॉस्टेलच्या गेटपाशी यायचे. गाडी दिसायच्या आधी तिच्या टर्बोची शिट्टी ऐकू यायची. बारीक, चढत गेलेली आणि वळणावर विरून जाणारी. ती ऐकली की मी केस तसेच गुंडाळून जिना उतरायचे.

आल्या आल्या आप्पा इंजिन बंद करत नसत. लांबून आलेली टर्बोची गाडी एकदम बंद केली तर टर्बोच्या आतल्या तापलेल्या चाकाला तेल मिळत नाही, म्हणून ती थोडा वेळ नुसती चालू ठेवायची. ते म्हणायचे, "तिला दम खाऊ दे." तेवढ्या वेळात ते बॉनेटकडे बघत उभे असायचे आणि मी त्यांच्याकडे. दाढीचे पांढरे खुंट, क्रेटच्या खिळ्यानं फाटलेली बाही, सगळं तेव्हा नीट बघून व्हायचं. मग वर्तमानपत्रात बांधलेली, मऊ पडल्यामुळे मार्केटात न गेलेली स्ट्रॉबेरी माझ्या हातात यायची आणि आम्ही समोरच्या गाड्यावर चहा घ्यायचो.

नंतर ते पेंड भरायला जायचे. आमच्या आळीतल्या सगळ्या म्हशींची पेंड सांगलीहून यायची. खरं तर त्या पोत्यांवरच ही खेप परवडायची. नुसत्या स्ट्रॉबेरीसाठी एवढ्या लांब कोण येतंय? अडचण एवढीच होती, की स्ट्रॉबेरी घाट उतरून यायची आणि पेंड घाट चढून न्यावी लागायची. गाडी जुनी झालेली, पसरणीच्या घाटात ती दमायची.

एका गुरुवारी शिट्टी वेगळी आली. चिरकी, दात आवळून घातल्यासारखी. आप्पा मात्र खुशीत होते.

"वाईत टर्बोची दांडी आवळून घेतली," ते वॉचमनमामांना सांगत होते. "डिझेलबी वाढवलं. पोती घेऊन घाट तिसऱ्या गिअरात चढती आता, गड्या!"

"मग हितं कशाला लावताय?" मामा म्हणाले. "विमानतळावर न्या की!"

आप्पा खूप हसले. मीही हसले.

दांडी आवळणं आमच्याकडे कुणाला नवं नाही. घाटात माल वाहणारे बरेच जण आवळून घेतात. ती दांडी नेमकं काय करते, हे मात्र मला त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला कळलं. सरांनी मधोमध कापलेला टर्बो टेबलावर ठेवला होता. इंजिनाचा धूर एका बाजूचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा दाबून भरतं. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल जळतं आणि ओढ वाढते. पण दाब हद्दीबाहेर जायला लागला, की एक छोटं झाकण उघडतं आणि थोडा धूर चाकाला न लागता परस्पर निघून जातो. ते झाकण एका बारीक दांडीला जोडलेलं असतं. दांडी आवळली की झाकण उशिरा उघडतं. सरांनी मला बोटानं ते उघडायला सांगितलं. स्प्रिंग चांगलीच कडक होती. पुढचं मी नीट ऐकलं नाही. मला आमच्या पिकअपमधलं झाकण दिसायला लागलं होतं, घाटात, मागे पोती असताना, मिटलेलं.

पुढच्या गुरुवारी चहा घेताना विचारलं, "आप्पा, चढाला गाडी तापती का वं?"

"तापती जरा. वळणावर थांबून पाणी देतो."

"आन् टर्बोच्या हवेचा होज पाइप?"

"निसटला एकदा. वायरीनं बांधला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "का गं? मास्तरांनी माजी गाडी शिकवाय घेतली काय?"

मी सांगायला लागले. कॉलेजात बोलते तसं सुरू केलं आणि दोन वाक्यांत गावच्या बोलीवर आले. दाब हद्दीबाहेर गेला तर हेडचं गॅस्केट जातं, पिस्टन वितळतो, टर्बोचं चाकच तुटून इंजिनात जाऊ शकतं. भरल्या गाडीनं, त्या वळणांवर. आप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांच्या चहावर साय धरली.

"मग सैल करायची म्हंतीस?"

"पयली हुती तिथं आणायची. डिझेलबी."

"मग पोती न्हाई चढायची." त्यांनी बोटानं साय बाजूला केली. "आन् पोत्याबिगर सांगली न्हाई परवडायची."

हे मला आधीच माहीत होतं. आठवडाभर मी त्याचाच विचार करत होते.

"हंगाम सरंस्तवर तशीच चालवू का?" आप्पांनी विचारलं. "तू सांग."

त्यांनी गाडीतलं मला असं कधी विचारलं नव्हतं. आणि मला इतकं म्हणावंसं वाटत होतं, की चालवा, थोडेच गुरुवार राहिलेत, हळू चढवा, थांबत थांबत जा. ते माझं ऐकणार होते, म्हणूनच ते म्हणता येईना.

"न्हाई," मी म्हणाले. "उद्याच सैल करा. आन् आज पोती निम्मीच न्या."

"बरं," आप्पा म्हणाले. चहा एका दमात संपवला आणि गाड्यावाल्याला आणखी एक सांगितला. मग तोही सावकाश प्यायले.

आता स्ट्रॉबेरी साताऱ्याला जाते. दुपारच्या आत आप्पा घरी असतात. आई म्हणते, तब्येत सुधारली. पेंड आळीतले लोक वाईतूनच आणतात. गुरुवारी मला सकाळपासून प्रॅक्टिकल असतं, त्यामुळे एसटीनं साताऱ्याला जाऊन त्यांना गाठणंही जमत नाही.

दांडी सैल केल्यावर पहिल्यांदा घाट चढून गेले, तेव्हा त्यांनी वरून फोन केला.

"आलो बघ. दुसऱ्यात चढली, निवांत. कुटं थांबाय लागलं न्हाई."

"होज?"

"जाग्यावर हाय."

"बरं झालं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

आप्पांना फोनवर बोलायची सवय नाही. गाडीची विचारपूस झाली की ते फोन आईकडे देतात, आणि आई तेव्हा जवळ नव्हती. त्यांच्याकडचा वारा ऐकू येत होता.

"जेवलीस का?"

"व्हय."

"काय हुतं?"

मेस अजून उघडली नव्हती. मी उसळ म्हणाले, मग कोशिंबीर, मग भात. एकेक सावकाश सांगत राहिले आणि आप्पा प्रत्येकाला हं म्हणत राहिले.