काकूंचे डॅन्यूबवरचे फोटो

२०१८ साली मी ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनला काकूंच्या घरी खालच्या खोलीत भाड्याने राहत होते. काकू मूळच्या पुण्याच्या. काका इंजिनियर होते आणि दोघं बऱ्याच वर्षांपूर्वी इथं आले होते. मी फलटणची. वडिलांची पिठाची गिरणी आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही सांगितलं की मी ते नीट ऐकून घ्यायचे, आणि स्वतःचं बोलायचं बरेचदा राहून जायचं.

काकांनी दोघांसाठी युरोपातली एक सफर बुक करून ठेवली होती. डॅन्यूब नदीतून जहाजाने जायचं, वाटेत गावं लागतील तिथं उतरायचं. त्या सफरीची तारीख यायच्या आधीच काका गेले. कंपनी म्हणाली, पैसे परत मिळणार नाहीत, पण नाव बदलता येईल. काकूंची मुलगी, म्हणजे ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला राहायची. तिला रजा मिळेना, म्हणून काकांच्या जागी माझं नाव लागलं. माझी सेमिस्टरच्या मधली सुट्टी होती आणि काकूंना एकटं पाठवणं शक्य नव्हतं.

शक्य नव्हतं, कारण त्याच हिवाळ्यात काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या. मी पेनरोजच्या गोदामातली शिफ्ट संपवून दुपारी आले तेव्हा त्या फरशीवर टेकून बसल्या होत्या. "आलीस? चहा टाक आधी," म्हणाल्या. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय. तेव्हापासून ताईने घर विकायचा विषय लावून धरला. काकूंनी तिच्याकडे राहायला यावं, असं तिचं म्हणणं. काकूंना ते घर सोडायचं नव्हतं.

निघायच्या आदल्या रविवारी ताई जेवायला आली होती. भात वाढताना ती म्हणाली, "आई, मी सिरीयसली सांगते. ही ट्रिप तू नीट केलीस, तर मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. पण प्रत्येक स्टॉपचा फोटो पाहिजे. जहाजातला नको, गावातला."

"म्हणजे माझी परीक्षा," काकू म्हणाल्या. "आणि ही सुपरवायझर."

"तसंच समज."

"हिने कॉपी करू दिली तर चालेल का?"

ताई हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यावर सोडतेय हं मी." मी मान हलवली. दोघींकडे बघून हलवली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

जर्मनीतल्या पासाऊला पहिल्याच दिवशी कळलं की हे जमणार नाही. जहाज गावाला अगदी लागून उभं होतं. जहाजातून काठावर आलेली फळी काकूंनी ओलांडली, पलीकडच्या बाकावर बसल्या आणि धापा टाकत राहिल्या. ओठ जरा निळसर दिसत होते. बाकीचे लोक गाईडच्या मागून दगडी गल्लीत निघून गेले. मी म्हटलं, "काकू, परत आत जाऊ या."

"जाऊ. आधी फोटो. त्या चर्चचे मनोरे दिसतायत ना? ते मागे घे. बाक नको घेऊस."

मी काढला. छान आला. स्कार्फ, गॉगल, मागे हिरवे घुमट. ताईचं लगेच उत्तर आलं, तीन हसरे चेहरे.

मेल्कला डोंगरावर पिवळा प्रचंड मठ आहे. वर जायला बस होती, पण मठात जिनेच जिने आहेत असं कळलं. धक्क्यावरूनच काकूंनी मला कोन दाखवला. पुढचं गाव दुर्नश्टाइन, तिथं निळा मनोरा पाण्याजवळच होता. प्रत्येक ठिकाणी काकू पाच-दहा मिनिटं उतरायच्या आणि मी त्यांना उभं करायचे. नंतर त्या केबिनमध्ये पडून राहायच्या आणि मला गावात पिटाळायच्या. परत आले की विचारायच्या, "काय बघितलंस?" मी चर्च सांगायला लागले की वैतागायच्या. "चर्च पुस्तकात आहे गं. माणसं काय करत होती ते सांग." मग मी सांगायचे, द्राक्षं तोडत होती, एक बाई खिडकीच्या काचा पुसत होती. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

फोटोत काही खोटं नव्हतं. काकू खरंच त्या गावात उतरल्या होत्या. तरी पाठवताना माझा अंगठा अडायचा. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, ताईंना वाटतंय तुम्ही सगळं गाव फिरताय."

"तिने गाव फिरायला कुठं सांगितलं? गावातला फोटो सांगितला."

मी फोटो पाठवून दिला. मी पण घरी आईला अभ्यास छान चाललाय एवढंच सांगायचे.

व्हिएन्नाला जहाज शहरापासून लांब लागलं. आमच्या आणि काठाच्या मध्ये आणखी दोन जहाजं उभी होती, त्यांच्या आतून जावं लागलं. पुढे बस. ऑपेराच्या इमारतीसमोर बस थांबली तेव्हा काकू खाली उतरल्या, दिव्याच्या खांबाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लवकर." तो फोटो सगळ्यांत सुंदर आला. त्यावर ताईने लिहिलं, "आई, मानलं तुला. घराचं आता बोलणार नाही. प्रॉमिस."

मी तो मेसेज वाचून दाखवला. "जिंकले म्हणायचं," काकू म्हणाल्या. पण आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

ब्रातिस्लाव्हाला त्या उतरल्याच नाहीत. जेवणाआधी पलंगावर उशीला टेकून म्हणाल्या, "दाखव बघू सगळे, पहिल्यापासून." मी फोन त्यांच्या हातात दिला. एकेक फोटो त्या बोटांनी मोठा करत होत्या. मला वाटलं, चेहरा बघतायत. खूप वेळाने म्हणाल्या, "इकडे ये. काय दिसतंय?"

"छान आलेत, काकू."

"हात बघ."

मी पाहिले. पासाऊला बाकाची कड. मेल्कला कठडा. दुर्नश्टाइनला माझी बॅग, मी चौकटीबाहेर असले तरी तिचा पट्टा काकूंच्या मुठीत होता. व्हिएन्नाला खांब. एकाही फोटोत त्यांचा हात मोकळा नव्हता. मी स्वतः काढलेले फोटो, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"तिला फसवलं असं मला वाटत होतं," काकू म्हणाल्या. "तिने नीट बघितलं असतं तर तिलाही दिसलं असतं. तिला बघायचं नाहीये. मलाही नव्हतं." मग फोन उलटा ठेवला. "मी पडले त्या दिवशी तू शिफ्टला आणखी थांबली असतीस तर?"

तो विचार मी रोज करत होते.

बुडापेस्टला काठावर चढायला दगडी पायऱ्या होत्या. मी म्हटलं, राहू दे. त्या म्हणाल्या, "आज मी सांगेन तसा काढायचा." अर्ध्या पायऱ्या चढल्या आणि तिथंच बसल्या, पाय पसरून, तोंड उघडं, स्कार्फ घसरलेला. लोक वळसा घालून वर जात होते. मागे त्या शहराची प्रसिद्ध संसद होती, पण ती काही फोटोत येत नव्हती.

"काढ."

"काकू, दम घ्या आधी."

"दम घेतल्यावर काय उपयोग? काढ गं!"

मी काढला. तो काकूंनी स्वतःच्या हाताने पाठवला, खाली काही न लिहिता. न्यूझीलंडमध्ये तेव्हा उशीर झाला असणार, तरी फोन लगेच वाजला. ताईचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, काकूंचं येत होतं. "नाही, पडले नाहीये. बसलेय... हो, सगळीकडे असंच होतं... तिला काही बोलायचं नाही, मी सांगितलं तसं तिने केलं... अगं रडतेस काय? ऐक. घर विकायला एजंटला बोलाव. पण मी आल्यावर. आणि तुझ्याकडे माझा चहा मी करणार, तो तुझा पिशवी बुडवून केलेला चहा मला चालणार नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझा खांदा धरला. आम्ही पायऱ्या उतरून जहाजात आलो.

घर डिसेंबरमध्ये विकलं गेलं. मी पेनरोजच्या जवळ तीन मुलींबरोबर खोली घेतली. नव्या वर्षात एका रविवारी हेन्डरसनला गेले. दार नातवाने उघडलं. "आजी, यू हॅव अ व्हिजिटर!" तो ओरडला आणि बॅट घेऊन बाहेर पळाला. काकूंच्या खोलीच्या खिडकीतून समोर नुसती शेजाऱ्यांची गाडी दिसत होती.

"बरं वाटतंय का इथं?" मी विचारलं.

"बरं नाही वाटत," काकू म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पण परवा मला चक्कर आली, तेव्हा हाक मारायला माणूस होतं."

ताई चहाचे कप घेऊन आत आली. काकूंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा चहा संपवला.