अहिल्याबाई गप्प राहिल्या

अहिल्याबाई वैरागडे यांनी नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर पट्टी टेकवून "हा सैबेरिया, हवामान अतिथंड, लोकवस्ती विरळ" एवढं सांगायचं आणि पान उलटायचं. यजमान गेल्यावर, २००३ साली, मुलगा यतीन त्यांना अमेरिकेत, बॉथेलला घेऊन आला. तो सॉफ्टवेअरमध्ये, सून रेणू बायोटेकच्या लॅबमध्ये. दोघं सकाळी गाड्या काढून गेले की घरात फ्रिजची घरघर तेवढी उरायची. शेवटी रेणूनंच त्यांचं नाव कम्युनिटी सेंटरमधल्या इंग्रजीच्या वर्गात घातलं.

तिथं जोडीदार म्हणून त्यांच्या वाट्याला मिकोला आले. शहात्तर वर्षांचे, युक्रेनचे, खांद्यात वाकलेले. मुलगी लेस्या दूर स्पोकेनला, बायको वारलेली. पहिल्याच दिवशी अहिल्याबाईंनी डबा उघडला तशी त्यांनी विचारलं, "मांस?"

"नो मांस. नेव्हर."

"मी पण नाही," मिकोला म्हणाले. अहिल्याबाईंना कोण आनंद झाला! अख्ख्या अमेरिकेत न विचारता वाढता येईल असा माणूस भेटला. मग दर गुरुवारी पातोडीचा रस्सा नाहीतर थालीपीठ डब्यातून जायचं आणि त्यांच्याकडून काळा पाव, खारवलेल्या काकड्या यायच्या. वर्ग सुटला की दोघं नदीकाठच्या बाकावर बसून खायची. भाषा मोडकी, पण हसायला पुरायची. असं दीड वर्ष चाललं.

२००५ च्या ऑक्टोबरात शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला: तुमची आणि तुमच्या मित्राची ओळख कशी झाली, ते जोडीदाराला सांगा. बाकावर बसल्यावर अहिल्याबाईंनी आपल्या मैत्रिणीचं, वीणाचं, सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "आता तुम्ही."

मिकोलांना इंग्रजीतला भूतकाळ कधीच नीट जमला नव्हता. त्यांनी सगळं वर्तमानकाळातच सांगितलं, त्यामुळे ते आत्ता, समोर घडत असल्यासारखं वाटत होतं.

"मी बावीस वर्षांचा आहे. सैबेरियात, कॅम्पात आहे, कैदी. लाकूड तोडतो. दोन जुने कैदी पळणार आहेत. मला म्हणतात, चल. पण आधी पाव्लोशी मैत्री कर. पाव्लो पावाच्या कोठारात काम करतो. अंगावर मांस आहे."

अहिल्याबाईंना वाटलं, पाव्लो पाव चोरून आणणार असेल.

"नाही," मिकोला म्हणाले. "पाव नाही. जंगल मोठं आहे, चारशे मैल. पाव संपतो. मग पाव्लो."

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"मला माहीत आहे. तो नाही आला तर त्याच्या जागी ते मला धरणार, हेही माहीत आहे. म्हणून मी पाव्लोशी बोलतो. त्याच्या बहिणीची गाणी ऐकतो. तो म्हणतो, तू माझा भाऊ. अकरा दिवस चालतो. बाराव्या दिवशी ते मला लाकडं आणायला पाठवतात. मी जातो. खूप वेळ लावतो. परत येतो. मी खातो."

पुढचं थोडक्यात आलं. पुढे पकडले गेले, शिक्षा वाढली, सुटले. लग्न झालं, मुलगी झाली. त्या दिवसानंतर मांस तोंडात घातलं नाही. "बायकोला माहीत नाही. लेस्याला माहीत नाही. फक्त तुम्हाला."

अहिल्याबाई उठल्या. "माझी बस," म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्या वेळी कुठलीच बस नव्हती. घरी येऊन त्यांनी मिकोलांनी धुऊन परत दिलेला स्टीलचा डबा घासला, पुन्हा घासला आणि कचऱ्यात टाकला. दीड वर्ष आपल्याशीही गोड बोलत होता, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

पुढच्या तीन वर्गांना त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या वर्गानंतरच्या सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. यतीन घरून काम करत होता. त्यानं दार उघडलं आणि आत वळून म्हणाला, "आई, तुझे ते मिकोला आलेत."

"सांग, झोपलेय."

मिकोलांनी आपल्या गॅलरीतल्या कुंडीतला शेपू कागदात गुंडाळून आणला होता. तो पायरीवर ठेवून ते गेले. यतीन स्वयंपाकघरात आला. "आई, भांडलात का तुम्ही?"

"नाही रे."

"मग क्लास का सोडलास?" तो जवळ आला. आवाज खाली गेला. "आई, त्यानं काही मिसबिहेव्ह केलं का तुझ्याशी?"

"नाही" म्हणायला किती वेळ लागतो? पण "नाही" म्हटलं की "मग काय?" येणार होतं, आणि ते त्यांना तोंडातून काढायचं नव्हतं. त्यांनी ओट्याकडे नजर लावली आणि गप्प राहिल्या. आपण त्या माणसाचं गुपित राखतोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं तर त्यांना तो माणूस पुन्हा दारात नको होता.

यतीनला काय समजायचं ते समजलं. त्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन सेंटरला फोन लावला. भिंतीपलीकडून त्याचा चढलेला आवाज त्यांना ऐकू येत होता. तेव्हाही त्या उठल्या नाहीत.

रेणूच्या आग्रहानं त्या पुन्हा वर्गाला गेल्या तेव्हा मिकोलांच्या खुर्चीत एक कोरियन बाई बसली होती. शिकवणाऱ्या बाईंनी अहिल्याबाईंचा खांदा दाबला आणि हळूच सांगितलं, "काळजी करू नका. तो आता इथे येणार नाही." सगळे त्यांच्याशी फार हळुवार वागत होते. त्या दोन तास मान खाली घालून बसल्या.

असे दोन आठवडे काढले. रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी सांगून टाकलं, "यतीन, मिकोलांनी माझ्याशी काहीही गैर केलेलं नाही."

"काय?" यतीननं कप खाली ठेवला. "मी कम्प्लेंट केलीय आई! तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"नाही बोलले."

"मग झालं काय होतं?" रेणूनं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. चूक माझी आहे, एवढं धरा."

सोमवारी यतीननं सेंटरला फोन करून तक्रार मागे घेतली, आणि तो आईला मिकोलांच्या अपार्टमेंटपाशी घेऊन गेला. अहिल्याबाई एकट्या वर गेल्या. दारातच म्हणाल्या, "मी गप्प राहिले. मुलाला वाटलं, तुम्ही वाईट वागलात. मी राहू दिलं."

मिकोलांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एकच विचारलं, "पाव्लो? सांगितलं?"

"नाही. कोणाला नाही."

ते दाराजवळच्या, जोडे घालायच्या स्टुलावर बसले. "थँक यू," म्हणाले. "थँक यू."

त्या दोन शब्दांनी अहिल्याबाईंना जमीन गिळेल तर बरं असं झालं. शिवी दिली असती तर सोसली असती.

"पुन्हा क्लासला या," त्या म्हणाल्या.

"नको. माझ्याकडे मोठं ओझं आहे. हे छोटं आहे." मग त्यांनी चहा केला. अहिल्याबाईंनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि हात तिथेच अडला. घोट काही घेता येईना. मिकोलांनी ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, त्यांना कप खाली ठेवता यावा म्हणून.

तक्रार आल्याचं सेंटरनं लेस्यालाही कळवलं होतं. ती पुढच्या वसंतात वडिलांना स्पोकेनला घेऊन गेली. अहिल्याबाईंनी नंबर मिळवून तिला फोन केला. वाक्यं आधी वहीत लिहून काढली होती. "तुमचे वडील चांगले आहेत. त्यांनी काही केलं नाही. मी खोटं होऊ दिलं."

मग लेस्यानं विचारलं, "का?"

वहीत त्याचं उत्तर नव्हतं. खरं उत्तर द्यावं तर मिकोलांनी जन्मभर झाकलेलं त्यांच्याच मुलीपुढे उघडं पडणार होतं. "मी घाबरले," एवढंच त्या म्हणाल्या.

"माझ्या बाबांना? ते मुंगीसुद्धा मारत नाहीत," लेस्या म्हणाली. "तुम्हाला लाज वाटायला हवी." आणि तिनं फोन ठेवला.

यतीन शेजारीच उभा होता. "काय म्हणाली?"

"जे बरोबर आहे तेच म्हणाली," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि वही मिटली.