रोहूचं इंजेक्शन आणि माझं

डॉक्टर मॅडमनी पोटात टोचायच्या इंजेक्शनचं खोकं पुढे सरकवलं आणि त्यावरचं नाव वाचून मी उडालेच. रत्नागिरीजवळच्या मत्स्यबीज केंद्रात रोहूच्या माद्यांनी अंडी सोडावीत म्हणून मी जे टोचते, त्याचंच हे भावंड. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, म्हणून इथवर आलो, आणि हातात पडलं काय, तर माशाचं औषध.

"मॅडम, मी काय रोहू आहे?" मी फटकन विचारलं. नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे इवलंसं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी, मेंदूच तयार करतो आणि खालच्या ग्रंथीला धाडतो, मग ती ग्रंथी अंडाशयाला जागं करते. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांची तऱ्हा एकच. साखळीतले काही मणी तेवढे वेगळे. मी थक्क. इतके मोसम माद्या टोचल्या, पण आपल्याही डोक्यात हेच चाललंय असं कधी मनात आलं नव्हतं.

मग मी माझं शहाणपण चालवलं. केंद्रात सुई टोचली की मादीला टाकीत सोडतात, वर जाळं अंथरतात, कोणी आवाज करायचा नाही. सकाळी अंडी. मीही रोज सुई टोचून पांघरूण घेऊन गप्प पडायचे. घरात मिक्सरसुद्धा लावू देईना. नवरा बिचारा मिरजोळ्याच्या कारखान्यातून दमून यायचा आणि पाट्यावर चटणी वाटायचा.

सोनोग्राफीला गेलो तर अंडाशयात काही म्हणजे काही नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, हेच तर हवं होतं. मेंदू हे थांबून थांबून पाठवतो म्हणून ग्रंथी ऐकते. सारखं येत राहिलं की ती लक्षच देत नाही, घरात सतत ओरडणाऱ्याकडे कोणी देत नाही तसंच. आधी सगळं निजवायचं, मग आपल्या वेळेला उठवायचं. कपाळ माझं! मूल मागायला आले आणि यांनी दुकानच बंद केलं.

पुढे दुसऱ्या सुयांनी उठवलंही. अंडी काढली, बाहेर फळवून गर्भ आत ठेवला. तो राहिला नाही. मी खूप रडले.

"मॅडम म्हणतात परत करता येईल गो," नवरा म्हणाला.

कामावर परतले तर एक मादी इंजेक्शन देऊनही अंडी सोडेना. पोट हलकेच दाबून पाहिलं, काही नाही. अशी मादी आमच्याकडे बाजारात जाते. मीच कितीदा पाठवल्यात, घरी आणून कालवणही केलंय. साहेबांनी नेहमीसारखा टोपलीकडे हात केला आणि मी टोपलीच पायाने मागे सारली.

"हिला तळ्यात सोडू या," मी म्हटलं. "पुढच्या मोसमाला परत बघू."

मीच तिला दोन्ही हातांनी धरून तळ्यापर्यंत नेली.